आमची लाईनमन बाई आणि तिची ठिणगी

माझी सून ज्योत्स्ना लाईटीच्या खांबावर चढते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पाव्हणे घरी येतात, सून काय करती म्हणून विचारतात. मी म्हणते, लाईटीत हाय. ते म्हणतात, म्हणजे ऑफिसात. मी म्हणते, न्हाई, खांबावर. मग चहा गार होईपर्यंत ते माझ्याच तोंडाकडं बघत बसतात.

आमचं घर लातुरात. मुलगा सुगत नांदेडला रेल्वेत आहे, रविवारी येतो आणि सोमवारच्या पहाटे जातो. त्यामुळं घरात आम्ही दोघी, सासू आणि सून. माझी शाळा दुसरीतच संपली, तिनं आयटीआय केलं. अंगानं सडसडीत, हात मात्र सुतारासारखे. बोलणं मोजकं. घाई करताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. दूध उतू चाललं तरी ही चालतच जाणार, आधी गॅसचं बटण बंद करणार, मग पातेल्याकडं बघणार. सुरुवातीला मला वाटायचं, पोरगी मंद आहे. शेजारणीही म्हणायच्या, सरजाबाई, सून आणली का बैल आणला, आपल्याच चालीनं चालतीय.

दोन वर्षांमागं एका डॉक्टरच्या बंगल्यावर मीटरचा बिघाड काढायला गेली, आणि येताना बाजाराच्या पिशवीत एक जनावर घेऊन आली. पिशवी खाली ठेवली. त्यातून आधी दोन गोल कान वर आले, मग दोन हिरवे डोळे, आणि मग ते सगळं अंग बाहेर निघालं, तशी मी बाजेवर पाय वर घेऊन बसले. हळदीच्या रंगाचं अंग आणि त्यावर काळ्या चांदण्या. चांदण्याच म्हणायच्या, कारण नुसते ठिपके नव्हते, प्रत्येक ठिपक्याच्या पोटात आणखी एक गडद रंग होता. पोटावरही तेच. उन्हात आलं की केसाकेसावर जर लावल्यासारखं चमकायचं.

"ज्योत्स्ना," मी म्हटलं, "हे जिथून आणलंस तिथं नेऊन सोड. आपण गरीब माणसं. आपल्याला वाघ परवडत न्हाई."

ती म्हणाली, मांजर आहे. डॉक्टरच्या घरी पडदे फाडले, काचेचं कपाट पाडलं, म्हणून बाथरूममध्ये कोंडून ठेवली होती. मीटर दुरुस्त होईपर्यंत आतून ओरडत होती. हिनं विचारलं, ते म्हणाले, न्या बाई, उपकार होतील. बेंगाल म्हणून जात असते. परदेशात कुणीतरी रानमांजर आणि घरचं मांजर यांचा संकर केला, त्याला आता पिढ्या झाल्या.

"म्हणजे हायब्रीड ज्वारी," मी म्हटलं.

"हाव. पण ही ज्वारी पळती."

पळती म्हणजे काय, ते त्याच संध्याकाळी कळलं. जमिनीवरून फडताळावर, फडताळावरून दाराच्या चौकटीवर, तिथून पत्र्याखालच्या वाशावर. चढताना तिला मी बघितलंच नाही. इथं होती, आणि तिथं होती, मधलं काही दिसलं नाही. ज्योत्स्ना म्हणाली, ठिणगीच हाय. तेच नाव पडलं.

आता लातुरात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको की आमच्याकडं पाण्याची काय इज्जत असते. नळ येतो तेव्हा सण असतो. सोनं एखाद वेळी उघड्यावर राहील, पाण्याची टाकी झाकल्याशिवाय बाई झोपणार नाही. आणि या बाईसाहेबांना पाण्याचं वेड. मांजर पाण्याला भिते असं मी जन्मभर ऐकलं होतं. ही टाकीची तोटी पंजानं फिरवायची, धार सुरू झाली की डोकं खाली घालून बसायची, आणि पाणी मोरीत चाललेलं बघून कबुतरासारखं घुमायची. मी तिला काय काय बोलले ते सांगत नाही. ज्योत्स्नानं तोटी काढून दुसरी बसवली, दाबून फिरवायची. ठिणगीला ती उघडायला दोन दिवस लागले. शेवटी ज्योत्स्नानं भांडी विसळलेलं पाणी एका पसरट घमेल्यात धरून ठेवायला सुरुवात केली, आणि ठिणगी त्यात चारही पाय घालून तासन् तास नाचू लागली. नंतर ते पाणी मी झाडांना घालायचे. पाण्याचं पापही टळलं आणि माझं जास्वंदही वाढलं.

पण तिच्या अंगातली रग काही त्यानं जिरेना. ज्योत्स्ना दिवसभर उन्हात खांब चढून यायची, आणि तरी हिला पट्टा लावून मैदानावर फिरवून आणायची. पोरं मागं, कुत्री पुढं. मग तिनं एक शक्कल काढली. केबलची तार ज्या लाकडी ड्रमवर गुंडाळून येते, तसला एक मोडका ड्रम कुणाकडून तरी आणला, आतून रंधला, गोणपाट ठोकलं, आणि परसात एका नळीवर आडवा बसवला. ठिणगी आत शिरली, एक पाय टाकला, ड्रम फिरला. दुसरा टाकला. आणि मग जी धावायला लागली, की ड्रम घरघरतोय, चांदण्यांची एकच काळी रेघ झालीय, आणि मांजर जागच्या जागी. मी तांदूळ निवडायचे विसरून बघत बसले. जनावराच्या अंगात एवढं पळणं कुठून येतं आणि ते साठवतं कुठं, हे मला अजून कळलेलं नाही. ज्योत्स्नाही शेजारी उकिडवी बसून बघायची. दिवसभराचा तिचा शिणवटा तेवढ्या वेळात उतरायचा. घरात लेकरू नव्हतं आणि त्याबद्दल ती कधी बोलत नव्हती. मी म्हणत नाही की ठिणगी लेकराच्या जागी होती. जागा तिनं स्वतःची केली होती, एवढंच.

मागच्या साली येळवशीला हे सगळं जवळजवळ गेलं होतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, कारण झाडून सगळी माणसं रानात असतात. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो ज्यानं बोलावलं त्याच्या शेतात. आम्हाला रामकिशन बोलावतो. रेणापूरच्या पुढं त्याचं रान आहे. ज्योत्स्ना आधी त्या भागात कामाला होती. वादळात त्यांच्याकडचे खांब पडले तेव्हा हिनं पिकं वाळायच्या आत लाईट आणून दिली, तेव्हापासून हे बोलावणं चुकत नाही. कडब्याची खोप करतात, आत पूजा मांडतात. आम्ही बौद्ध, तेव्हा पूजा होईपर्यंत लिंबाखाली बसतो आणि शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील वाढायची वेळ झाली की कुणी न सांगता पुढं सरकतो. रामकिशन दरवर्षी तीच चेष्टा करतो, मावशी, देवापेक्षा तुमचं लक्ष गाडग्यावर जास्त. मी म्हणते, गाडगं तुझं, तूच भरलंस.

त्या वर्षी ठिणगीलाही न्यावं लागलं. गल्लीत बघायला एक माणूस उरलं नव्हतं. पट्टा घालून तिला लिंबाला बांधली होती. जेवणाआधी रामकिशनच्या घरचे आंबील शिंपडत, हाळी देत रानाभोवती फिरायला लागले. एकदम तो गलका झाला, ठिणगी मागं सरली, अंग लांब केलं आणि हातातून ओला साबण निसटावा तशी पट्ट्यातून निसटली. समोर ऊस. उसाची पानं हलली आणि थांबली.

आम्ही हाका मारत हिंडलो. ज्योत्स्ना सरीसरीतून फिरली, तोंडावर उसाच्या पात्याचे ओरखडे घेऊन आली. तेवढ्यात पलीकडच्या रानातून एकजण पळत आला आणि रामकिशनला म्हणाला, चला, धोंडप्पाच्या विहिरीवर बिबट्याचं पिल्लू सापडलंय.

त्या हंगामात तिकडं बिबट्याची लई बोलवा होती. कुणाचं शेळीचं करडू गेलं होतं, कुणाला ओल्या मातीत पंजा दिसला होता. वनखात्यानं गावात माणसं बसवून सांगितलं होतं, की ऊस तोडताना पिल्लू सापडलं तर पळवायचं नाही, लांब न्यायचं नाही. सापडलं तिथंच भाजीच्या प्लास्टिक कॅरेटखाली झाकायचं आणि माणसांनी मागं सरायचं. दिवस मावळला की आई येते आणि घेऊन जाते. धोंडप्पा म्हणजे सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, हातात काठी, कपाळाला भस्म. एकदा ऐकलेलं विसरत नाही आणि निम्मं करत नाही. त्यांनी सगळं सांगितल्यासारखं केलं होतं. ठिणगी त्यांच्या ठिबकच्या फुटक्या नळीशी पाणी खेळत बसली होती, तिच्यावर घोंगडं टाकलं, घोंगडं हळूच काढून टमाट्याचं कॅरेट पालथं घातलं, वर एक दगड ठेवला, तोही आईला पाडता येईल एवढाच. मग पूर्ण शिवारातली माणसं लांब बांधावर उभी केली आणि वनखात्याला फोन लावला. गाडी निघाली होती.

कॅरेटच्या भोकांतून चांदण्या दिसत होत्या. ज्योत्स्ना सरळ पुढं निघाली, तर धोंडप्पांनी काठी आडवी धरली.

"बाई, मागं सरा. आई उसातच असंल तिची. माणसाचा हात लागला तर पिल्लू टाकून देती."

"अप्पा, माझी मांजर हाय ती."

"माझ्या घरी मांजर हाय," धोंडप्पा म्हणाले. "मांजर कसं असतं ते मला ठावं हाय."

माणसं हसली. रामकिशननं आण घेतली की सकाळी आपण हे जनावर लिंबाला बांधलेलं पाहिलं. धोंडप्पा म्हणाले, मग तूही फसलास. गाडी आली की साहेब बघतील. आणि तेच तर नको होतं. एकदा ते जनावर गाडीत गेलं, की ते मांजर आहे हे सिद्ध करायला आम्ही कुठल्या कुठल्या दारात उभं राहायचं आणि तोवर पिंजऱ्यात ठिणगीचं काय व्हायचं, हे ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. तिनं तिथूनच हळू हाक मारली, "ठिणगे."

कॅरेटखालून आवाज आला. मांजरीचा नाही, घसा बसलेल्या लेकराचा.

धोंडप्पांनी बोट वर केलं. "ऐका. आईला बोलावतीय."

"मग आले की मी," ज्योत्स्ना म्हणाली, आणि काठीखालून वाकून गेली.

तिनं कॅरेट उचललं आणि तिथंच घात झाला. मागच्या माणसांना वाटलं, ही बाई आता मरते. त्यांनी बिबट्याला पळवायला करतात ते केलं, ताटं बडवली आणि बोंब ठोकली. ठिणगी ज्योत्स्नाच्या हातावरून गेली, मोटरीच्या कोठ्यावर चढली, कोठ्याच्या पत्र्यावरून तिनं जी झेप घेतली ती डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, लोखंडावर, आणि तिथून वर, वर, अगदी शेंड्याच्या आडव्या पट्टीवर. तिथं बसली. शेजारून तीन तारा गेल्या होत्या. शेपटी एका तारेखाली लोंबत होती, हातभर अंतरावर.

मग रामकिशन म्हणाला, "ताई, आत्ता लाईट न्हाई. दुपारनंतरची पाळी हाय आपली, अजून वेळ हाय. चढा, पटकन काढून आणा."

ज्योत्स्ना जागची हलली नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून, मान वर करून उभी. मी जवळ गेले तर तिचा जीव नुसता मानेच्या शिरेत उडत होता. ती मांजरीकडं बघत नव्हती, तारेकडं बघत होती. मी म्हटलं, अगं, ते म्हणतात लाईट नाही.

"आत्याबाई, कुणाच्या म्हणण्यावर मी चढत न्हाई. माझ्या हातानं तारेला अर्थिंगची दांडी लागत न्हाई तवर तार जिती."

हा तिचा भागही नव्हता. इथला लाईनमन रविकिरण. तिनं सबस्टेशनला फोन लावला, तिथं सणाचं कुणी उचलेना. मग रविकिरणला लावला. तो सासऱ्याच्या रानात जेवायला बसला होता. म्हणाला, उठलोच, आधी सबस्टेशनला जातो, लाईन बंद करून कामाचं परमिट घेतो आणि सामान घेऊन येतो. तोवर काही करू नका बाई. ती म्हणाली, न्हाई करत.

आणि तिनं केलं नाही. लाईटीची वेळ जवळ येत होती. रविकिरण सबस्टेशनला पोचायच्या आधी लाईन चालू झाली आणि ठिणगीनं शेपटी हलवली, की संपलं. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पोरं म्हणत होती, बाई, आम्ही चढतो. एकजण चप्पल काढून पुढं झालासुद्धा. ज्योत्स्नानं त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला मागं सारलं. घरचं दूध उतू जाताना मी तिची जी चाल बघत आले, तीच होती ही. फक्त आज मला कळलं, की त्या चालीला धरून ठेवायला किती जोर लागतो.

वर ठिणगी मात्र निवांत झाली होती. एक पाय चाटला. मग उठून उभी राहिली आणि रानाकडं बघायला लागली. ऊस, हरभरा, ज्वारीची कणसं, पांढऱ्या ढगांखाली सगळं शिवार, ठिकठिकाणी खोपींचा धूर. ऊन तिरपं झालं होतं आणि तिचं अंग पेटल्यासारखं दिसत होतं. आमच्या मोरीत नाचणारं, माझ्या ज्वारीच्या पिठात पाय उमटवणारं ते जनावर ते नव्हतंच. धोंडप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. माझेही हात आपोआप जुळले होते. कुणाला जोडले ते विचारू नका.

रविकिरणची मोटरसायकल आली. त्यानं लांबूनच हात वर करून परमिटचा कागद दाखवला. तरी दोघांनी मिळून सगळं रीतीनं केलं. डीपीचा दांडा ओढून स्वीच पाडला, कुलूप घातलं. लांब दांडीनं एकेक तार जमिनीला जोडली. रविकिरण म्हणाला, मी जातो वर. ज्योत्स्ना म्हणाली, तुमच्याकडं येणार न्हाई ती. त्यानं आपला पट्टा, हातमोजे आणि टोपी काढून दिली. तिनं साडीचा काचा मारला, वेणी गुंडाळून टोपीत घातली आणि चढली.

एवढ्या वर्षांत मी तिला चढताना बघितलं नव्हतं. माझी छाती धडधडेल म्हणून तीच म्हणायची, येऊ नका बघायला. आता बघितलं. ती चढत होती असं वाटतच नव्हतं. खांबच तिला हळूहळू वर घेत होता. हात, पाय, हात, पाय, मध्ये थांबून पट्टा अडकवणं, पुन्हा हात. ठिणगीसारखी झेप नाही, पण खाली बघणं नाही, डगमग नाही. वर मांजर आणि खाली बाई, दोघींची पाठ एकाच बाकाची दिसली मला.

हाताच्या अंतरावर ती थांबली. पट्टा अडकवला, अंग मागं टाकलं आणि एक हात पुढं करून तशीच राहिली. ठिणगीला सहज धरता आलं असतं. ही धरेना. खालून कुणीतरी म्हणालं, धरा की बाई. तिनं ऐकलं नाही. ठिणगी तिच्याकडं बघत होती, मग उसाकडं बघत होती, मग तिच्याकडं. असा किती वेळ गेला सांगता येत नाही. सगळ्या शिवारात एकही ताट वाजलं नाही.

मग ठिणगीनं पट्टीवरून एक पाऊल उचललं. ज्योत्स्नाच्या मनगटावर ठेवलं. दुसरं कोपरावर. आणि रस्त्यानं चालत जावं तशी हातावरून चालत येऊन तिच्या खांद्यावर, मानेच्या मागं, पदरात बसली.

ती उतरताना मी डोळे मिटले होते, ते रविकिरण "आल्या, आल्या" म्हणाला तेव्हा उघडले.

वनखात्याची गाडी त्यानंतर आली. साहेब तरणे होते. त्यांनी ठिणगीचं तोंड बघितलं, कान बघितले, ज्योत्स्नाच्या मोबाईलमध्ये तिला टोचलेल्या सुयांचे कागद बघितले आणि हसून म्हणाले की ही मांजरच. पण धोंडप्पांनी केलं ते सगळं बरोबर केलं, असंच करत जा. मग रामकिशननं त्यांनाही भज्जी वाढली. रविकिरण तारांवरची दांडी काढून, परमिट परत करायला निघून गेला, आणि थोड्या वेळानं धोंडप्पांची मोटर घों करून सुरू झाली.

धोंडप्पा आमच्या पंगतीला आले, पण बराच वेळ घास घेईनात. ठिणगी ज्योत्स्नाच्या मांडीवर होती. शेवटी म्हणाले, "बाई, एक इचारतो. वर गेल्यावर नुसता हात पुढं करून का बसलीस? उचलायची की गप."

ज्योत्स्नानं भाकरी खाली ठेवली. "उचलली असती तर उडी मारली असती तिनं, अप्पा." मग म्हणाली, "आन् वर उभी होती ना, तवा मलाबी तुमचंच खरं वाटलं. ही रानाची हाय. तिला न्यायचा मला काय हक्क. म्हटलं, तिलाच ठरवू दे."

"आन् उसात गेली असती तर?"

"तर गेली असती," ज्योत्स्ना म्हणाली. भाकरी पुन्हा हातात घेतली, आणि दुसरा हात ठिणगीच्या पाठीवर ठेवला.

धोंडप्पांनी घरून आणलेल्या चरवीतलं दूध एका वाटीत ओतलं, वाटी जमिनीवर ठेवली, आणि स्वतः लांबच बसून काठीच्या टोकानं ती हळूहळू ठिणगीपुढं सरकवली.